मोठीला वाईट नाही वाटलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर या प्रश्नाला मी बहुतेक वेळा 'नाही हो, मुलं विसरतात' असं म्हणून वाटेला लागते.

झालं असं होतं. २०१९च्या एप्रिलमध्ये माझ्या दोन्ही मुली एकाच सकाळी जिम्नॅस्टिक्सच्या निवड चाचणीला गेल्या. मोठी आठ वर्षांची, धाकटी सहाची. धाकटीला कॉम्पिटिशन बॅचमध्ये घेतलं, मोठीला नाही. हे कळलं की समोरची बाई आवाज थोडा खाली आणून विचारतेच, "मोठीला वाईट नाही वाटलं?"

वाटलं. चांगलं वर्षभर वाटत होतं. आणि त्यातला निम्मा वाटा माझा होता.

खरं तर हे वेड मोठीचंच. १४ ऑगस्ट २०१६, रविवारची रात्र. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, मुलींचे पांढरे फ्रॉक इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले, आणि रिओ ऑलिंपिकमधून आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिची व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीची, फायनल लागलेली. पाच वर्षांची मोठी बापाच्या मांडीवर जागी होती. दीपाने प्रोदुनोवा, म्हणजे हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायची भलतीच अवघड उडी, मारली, जवळजवळ बसलीच खाली, पण उठून उभी राहिली. चौथी आली. ब्राँझ ०.१५ने गेलं. "म्हणजे किती?" मोठीने विचारलं. नवरा म्हणाला, "काहीच नाही." त्यानंतर आमच्या घरात कोणी सरळ चालत गेलं असेल तर शपथ. पॅसेजमध्ये हातांवरून चाकासारखं फिरायचं कार्टव्हील, सोफ्यावरून कोलांटी, आणि कॅलेंडरच्या खाली भिंतीवर टाचेचा एक काळा डाग, जो पुसून पुसून भुरका झाला पण गेला नाही.

तर चाचणी मोठीची होती. धाकटीला आम्ही बरोबर नेलं ते केवळ घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. ती फ्रॉकमध्येच होती, आत चड्डी होती एवढंच नशीब. (कोणी विचारलंच नाही तरी हा एक सल्ला देते: चाचणी एकीची असेल तर दुसरीला शेजारी ठेवा, मामाकडे ठेवा, पण नेऊ नका.)

लोकांना वाटतं चाचणी म्हणजे मुलं आपल्याला येतं ते करून दाखवतात. मलाही तसंच वाटलं होतं. मोठीने यूट्यूबवर बघून कार्टव्हील आणि भिंतीला टेकून हँडस्टँड असा जय्यत कार्यक्रम बसवला होता. त्यातलं काही कोणी मागितलंच नाही. मुलांना ओळीत उभं केलं, पाय बघितले, गुडघे बघितले. वीस मीटर पळवलं. जागेवरून लांब उडी. पाय ताणून पसरल्यावर स्प्लिट किती खाली जातो, कमान टाकल्यावर वाक कंबरेतून येतो की खांद्यांतून. जमिनीलगतच्या बुटक्या बीमवरून, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवरून, चालत जाऊन वळून परत. आणि मग बारला लटकवलं, हनुवटी बारच्या वर.

मोठी चौदा सेकंद टिकली. शेवटचे चार तर निव्वळ अभिमानावर. तिचे हात थरथरताना मला बाकावरून दिसत होते.

धाकटी तोवर कडेच्या मॅटवर बेडूकउड्या मारत होती. एका मॅडमनी तिला सहज विचारलं, "तुला लटकायचंय?" उचलून बारला लावलं. ही लटकली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, छताचे पंखे मोजले. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग दुसऱ्या मॅडमकडे. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "आता उतरू का?"

संध्याकाळी फोन आला. धाकटीला पाठवा, आठवड्यातले पाच दिवस, पाच ते आठ. मोठीला हॉबी बॅचला घालता येईल, शनिवार-रविवार, तासभर.

आता माझी चूक. मोठी दाराशी उभं राहून ऐकत होती. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "अगं, तू वयाने मोठी आहेस ना, त्यांना लहान मुली हव्या होत्या." तिने मान हलवली. मला वाटलं, सुटले. वयाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, या खेळात लवकर सुरुवात लागते हे खरं. दीपानेही सहाव्या वर्षी सुरू केलं होतं. पण मला मॅडमनी वयाचं नाव काढलं नव्हतं. ते मी घातलं पदरचं.

दोन महिने ती हॉबी बॅचला गेली. एक दिवस स्कूटरवर मागे बसल्या बसल्या म्हणाली, "आई, त्या दोन वेण्यांवाल्या मुलीला नऊ पूर्ण झालीत. ती कॉम्पिटिशनला कशी?" सिग्नल लागला होता. हिरवा होईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही आणि हिरवा झाल्यावर मी द्यायचं टाळलं. तिने पुन्हा विचारलं नाही. हॉबी बॅच सोडली, आणि घरात कार्टव्हील मारणंही बंद केलं. पॅसेज एकदम शांत झाला. ज्या धडधडीवरून मी रोज ओरडत होते ती थांबल्यावर मला घरात चैन पडेना.

शेवटी मीच तिला घेऊन मॅडमकडे गेले. म्हटलं, हिला का घेतलं नाही ते हिलाच सांगा. मला धाकधूक होती, पण त्या बाईंनी एक मिनिटही घोळ घातला नाही. मोठीला भिंतीला पाठ लावून उभं केलं, कंबर भिंतीला चिकटव म्हणाल्या, हात सरळ कानाजवळून वर. अंगठे भिंतीला लागायला हवेत. मोठीचे लागेनात. जोर केला की कंबर सुटायची, कंबर दाबली की हात पुढे यायचे. "बघ," मॅडम म्हणाल्या, "तुझे खांदे उघडत नाहीत. हँडस्टँडला शरीर एका रेषेत येणार नाही, मागे उडी घेतलीस की सगळा भार कंबरेवर जाईल. रोज ताणलेस तर फरक पडेल, पुढच्या वर्षी परत ये. पण तुझ्या बहिणीला जे असंच मिळालंय ते तुला मेहनतीने मिळवावं लागेल."

मला वाटलं आता रडणार. ती घरी आली, बेडरूमच्या भिंतीला पाठ लावली, हात वर केले आणि म्हणाली, "आई, पट्टी घे आणि मोज." नऊ सेंटिमीटर. तिने ते गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. महिनाभर मोजत होती. साडेसातपर्यंत आलं, मग कंटाळली. पुढच्या वर्षी जायचं का विचारलं तर म्हणाली, "नको. पाच ते आठ रोज? वेड लागलंय का?" हा निर्णय तिचा होता. आधीचा तिचा नव्हता आणि त्याचं कारणही तिला खोटं मिळालं होतं. मला वाटतं तिचं जे काही दुखत होतं ते त्या दुसऱ्या भागात जास्त होतं.

पुढचं वर्ष म्हणजे २०२०. मार्चमध्ये लॉकडाऊन, जिम्नॅस्टिक्सचा हॉल बंद. धाकटीचा क्लास झूमवर, आणि मोबाईल धरायला मोठी. पहिल्या आठवड्यात नुसता धरत होती, दुसऱ्यात सूचना देऊ लागली. खऱ्या बीमची लांबी पाच मीटर, रुंदी दहा सेंटिमीटर, हे तिने कुठूनसं शोधलं. घरच्या हॉलमध्ये पाच मीटर मावेनात, म्हणून टीव्हीपासून स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत काळ्या चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या. कुकर लावायला मला बीम ओलांडून जावं लागायचं. आणि मोठी धाकटीला छळायची, हेही सांगायला हवं. "पाय वाकला. पुन्हा." "पुन्हा." धाकटी रडली तरी "पुन्हा." चाचणीचा थोडा हिशेब ती तिथे चुकता करत होती. मी दोनदा मध्ये पडले. तिसऱ्यांदा धाकटीच म्हणाली, "आई तू जा, ताई बरोबर सांगतेय."

मार्कांचा नादही तेव्हाच लागला. दीपाचे १५.०६६ मार्क आले तरी कसे, दहापैकी असतात ना, इथून सुरुवात. मग कळलं की २००६पासून कठिणपणाचे मार्क वेगळे, आणि सफाईचे दहातून वजा करत करत वेगळे, दोन्हींची बेरीज. व्हॉल्टच्या फायनलमध्ये दोन उड्यांची सरासरी. छोटी चूक ०.१, मधली ०.३, मोठी ०.५, पडलं की पूर्ण एक. "म्हणजे ०.१५ काहीच नाही असं नसतं," बापाला तिने चार वर्षांनी सुनावलं. "एक छोटी चूक आणि वर अर्धी." माँट्रिऑल ऑलिंपिकला १९७६मध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले तेव्हा फलकावर १.०० दिसलं होतं, कारण फलकाला दहा दाखवताच येत नव्हते. हे ती आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवते. तुम्ही आलात तर तुम्हालाही ऐकवेल.

आता मोठी चौदाची आहे. कुठलाच खेळ खेळत नाही, सायकल चालवते आणि भरपूर झोपते. धाकटी बारा वर्षांची, जिल्ह्यात बऱ्यापैकी, राज्याला एकदा जाऊन आली. पुढे काय होईल ते तिचा मनगटाचा दुखरा सांधा आणि दहावी मिळून ठरवतील.

मागच्या डिसेंबरमधल्या स्पर्धेत धाकटी बीमवरून पडली. वर गॅलरीत आली तेव्हा डोळे लाल. मी डबा उघडायला लागले, कारण मला तेवढंच सुचतं. मोठीने वहीतून मान वर न करता सांगितलं, "एक पूर्ण गेला. पण चढलीस ते स्वच्छ होतं आणि उतरताना फक्त एक पाऊल, ०.१." धाकटीने नाक पुसलं आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

शेजारी बसलेल्या बाई कौतुकाने बघत होत्या. हिला इतकं कळतं म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, "ही पण करते का जिम्नॅस्टिक्स?"

मी तोंड उघडायच्या आत मोठी म्हणाली, "नाही काकू, माझे खांदे उघडत नाहीत." आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं तशी वहीचं पान उलटलं.