तक्त्यातले चार अंश

महालेखापाल कार्यालयाचं, म्हणजे आमचं, लेखापरीक्षण पथक आलं की रुग्णालयात पहिली धावपळ लेखा शाखेत होते. व्हाउचर, कॅशबुक, बँकेचे ताळमेळ काढून ठेवतात. आमचा बराच वेळ मात्र औषध भांडारात आणि प्रसूतिकक्षाच्या रजिस्टरांत जातो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार आम्ही कोणतंही दप्तर मागू शकतो, आणि आरोग्य खात्यातला एकही अधिकारी आमचा वरिष्ठ नसतो. या कामाला किंमत आहे ती एवढ्यामुळेच.

हे प्रकरण विदर्भातल्या एका सरकारी स्त्री रुग्णालयातलं आहे. मी भांडारातला फ्रिज पाहत होते. त्यात ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं होती. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून बाळ जन्मताच आईला १० युनिट देतात. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर त्याचा जोर ओसरतो, पण अँप्यूलकडे पाहून ते कुणालाच कळत नाही. म्हणून फ्रिजवर तापमानाचा तक्ता लावतात आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितात.

मे महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक रकान्यात ४ होता. चालता फ्रिज असा वागत नाही. दार उघडलं, लाइट गेली की आकडा हलतो. मी जडवस्तू नोंदवही (यंत्रं, फर्निचर अशा टिकाऊ सामानाची), दुरुस्तीची बिलं आणि भांडाराची वाटप नोंदवही मागवली. कॉम्प्रेसर १२ मे रोजी बंद पडला होता आणि २३ मे रोजी बदलला होता. मधल्या दिवसांतही तक्त्यात ४ च होता. वाटप नोंदवहीत त्याच दिवसांत त्याच फ्रिजमधलं ऑक्सिटोसिन प्रसूतिकक्षाला दिल्याच्या नोंदी होत्या. कक्षाच्या मागणीपुस्तकाशी बॅच नंबर ताडून पाहिले, ते तंतोतंत जुळले. तीन टेबलांवर तीन माणसांनी लिहिलेली दप्तरं एकमेकांसमोर ठेवली की काय झालं ते उघड होतं. या पद्धतीचा मला अभिमान आहे.

भांडार सांभाळणारी औषध निर्माण अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची (एनएचएम) कंत्राटी होती, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. तिने काही लपवलं नाही. "मॅडम, रकाना रिकामा दिसला की मेमो मिळतो. आणि फ्रिजबद्दल मी लिहून दिलंय, जावक बघा," ती म्हणाली. जावक नोंदवहीत तिची तीन पत्रं होती. पहिलं १२ तारखेचंच. प्रत्येकावर वरिष्ठांचा शेरा होता : 'निधी उपलब्ध झाल्यावर'. रुग्णालयाच्या खात्यात तेव्हा पैसे शिल्लक होते, तेही आम्ही कॅशबुकात पाहिलं.

आम्ही हाफ मार्जिन दिलं. डाव्या बाजूला आमची हरकत, उजवीकडे त्यांचं उत्तर. उत्तर आलं : 'नोंद घेण्यात आली. भविष्यात दक्षता घेण्यात येईल.' हे वाक्य मी इतक्या कार्यालयांतून वाचलंय की आता ते वाचताना चीड येते. ते लिहिणाऱ्याने हरकत वाचलेलीसुद्धा नसते.

नंतर अडथळा आमच्याच घरात आला. अहवालात हरकतीचा परिच्छेद होतो. त्याची 'मनी व्हॅल्यू', म्हणजे त्यात गुंतलेली रक्कम किती, हा आमच्याकडे ठरलेला प्रश्न. एका अँप्यूलची किंमत ती किती! म्हणून हा परिच्छेद निरीक्षण अहवालाच्या भाग दोन-अ मध्ये, म्हणजे महत्त्वाच्या हरकतींत, गेला नाही, दोन-ब मध्ये, इतर हरकतींत गेला. राज्यपालांमार्फत विधिमंडळात मांडला जाणारा अहवाल आणि त्यावर बसणारी आमदारांची लोकलेखा समिती इथवर दोन-ब मधलं क्वचितच पोचतं. वर्तमानपत्रंही कोटींचे आकडे शोधतात. फ्रिजचे अकरा दिवस रुपयांत मांडता येत नाहीत, आणि मला हे आमच्या पद्धतीतलं सर्वांत मोठं वैगुण्य वाटतं. माझे वरिष्ठ म्हणाले, "पत्रं जोडून पॅरा लांबवू नका." मी जावक नोंदवहीची पानं आणि शेऱ्यांसह पत्रं 'की डॉक्युमेंट', म्हणजे हरकतीचा पुरावा, म्हणून जोडली. ती नसती तर दोष फक्त तक्ता भरणारीवर राहिला असता.

तरी तिच्यावरच राहिला. काही महिन्यांनी अनुपालन, म्हणजे हरकतीवर काय केलं याचं खात्याचं उत्तर, आलं : तापमानाच्या खोट्या नोंदींबद्दल संबंधित कंत्राटी कर्मचाऱ्यास पुनर्नियुक्ती देण्यात आलेली नाही, सबब परिच्छेद वगळण्यात यावा. शेरे मारणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेखही नव्हता. आम्हाला कुणाला शिक्षा करण्याचा अधिकार नाही आणि तो नसावा, हे मला पटतं. पण आमची हरकत वरच्या सहीकडे बोट दाखवते आणि कारवाई सर्वांत खालच्या माणसावर होते, तेव्हा आमचं स्वातंत्र्य नेमकं कुणाच्या उपयोगी पडलं, याचा विचार मी अजून करते आहे. तिने पत्रं दाखवली नसती तर कदाचित तिची पुढची ऑर्डर निघाली असती.

अनुपालनावर मी अभिप्राय लिहिला : निधी असताना दुरुस्ती का थांबवली, याचं उत्तर नाही. त्या अकरा दिवसांतल्या बाळंतिणींचे केसपेपर डॉक्टरांच्या समितीने तपासावेत, असं आम्ही सुचवलं होतं, त्यावर एक ओळही नाही. परिच्छेद वगळता येणार नाही. वरिष्ठांनी या वेळी काही न बोलता सही केली. परिच्छेद आजही प्रलंबित यादीत आहे.