काचेवर वाफ आणि बोट स्क्रीनवर

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबा घाटात गाडी घातली की थोड्याच वेळात समोरची काच आतून धूसर व्हायला लागते, आत चार-पाच माणसं, काचा बंद, सगळ्यांचा श्वास त्या गार काचेवर जाऊन बसतो. उपाय तसा सोपा, एसी चालू करायचा, हवा समोरच्या काचेवर सोडायची आणि रिसर्क्युलेशन (म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवणं) बंद. जुन्या गाडीत यासाठी एक नॉब फिरवायचा, एक बटण दाबायचं, एक खटका सरकवायचा, झालं, नजर रस्त्यावरच. आता बऱ्याच नवीन गाड्यांत हे सगळं स्क्रीनमध्ये गेलंय. मॅप बाजूला करा, क्लायमेटमध्ये जा, तिथे ते छोटं चित्र शोधा, आणि बोट टेकवणार तेवढ्यात खड्डा, मग बोट पडतं भलतीकडेच आणि गाणं बदलतं 😄

(काच बाहेरून धुरकट झाली असेल तर मात्र एसी वाढवू नका, काच जास्त गार झाल्यामुळेच ते होतं. गार झोत काचेवरून काढा आणि वायपर मारा.)

स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये याची चाचणीच घेतली होती. वेग ताशी ११० किमी, कामं रोजचीच, म्हणजे एसी, रेडिओ वगैरे, आणि चालवणाऱ्यांना आधी गाडीची सवय करून घ्यायला वेळही दिलेला. २००५ ची बटणवाली व्होल्वो व्ही७० दहा सेकंदांत मोकळी झाली, तेवढ्यात ती ३०६ मीटर गेली. स्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आरला लागले ४४.९ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर! एवढ्या अंतरात आपल्या घाटात किती वळणं येतात ते बघा. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड (चारी इंडिकेटर एकदम) आणि एसओएस (संकटात मदत मागायचं) यांना खरी बटणं नसतील तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत असं ठरवलं, बरं केलं.

अर्थात बटणं असली म्हणजे आपण ती नीट वापरतो असंही नाही. जरा जोराचा पाऊस आला की किंवा बोगदा आला की चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर चालू करणारे महाभाग आहेतच, अहो मग तुम्ही लेन बदलताय की थांबताय हे मागच्याला कळणार कसं? हेडलाइट लावा ना. आणि मारुती-ह्युंदाईवरून स्कोडा-फोक्सवॅगनवर गेलेला माणूस सुरुवातीला वळायच्या आधी वायपर लावतोच, कारण दांड्या उलट्या बाजूंना, पण ते थोड्या दिवसांत हाताला कळतं. स्क्रीनवरची जागा हाताला कळणार कशी, बोटाला सगळीकडे सपाट काचच लागते.

नवीन गाडी बघायला गेलात तर सेल्समन आधी सनरूफ उघडून दाखवेल. तुम्ही गाडी उभी असतानाच समोर बघत, स्क्रीनकडे नजर न टाकता डिफॉगर, म्हणजे काचेवरची वाफ घालवणारा झोत, लावून बघा. नाही जमलं तर तो म्हणेल व्हॉइस कमांड आहे ना सर, मग त्याला म्हणायचं, मागच्या सीटवर दोन पोरं भांडतायत असं समज आणि आता दे कमांड.