डॅडो किती घ्यायचा?

घर दुरुस्तीला काढलं की नळ कुठले, फरशी कुठली, रंग कुठला यावर घरात महिनोन् महिने खल होतो. बाथरूमच्या भिंतीवर टाइल्सचा पट्टा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत डॅडो, किती उंच न्यायचा, हे मात्र कोणी ठरवलेलंच नसतं. मिस्त्री दारात उभा राहून विचारतो, "ताई, डॅडो किती घ्यायचा?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. नवरा म्हणतो, "आता सगळे थेट स्लॅबपर्यंतच नेतात." सासूबाई आतून म्हणतात, "आमच्याकडे कमरेएवढ्याच होत्या. काही अडलं नाही."

खरंच अडलं नव्हतं, कारण अंघोळ बसून व्हायची. चाळीतली मोरी म्हणजे खोलीचाच एक कोपरा. खाली शहाबादी फरशी, पाणी खोलीत येऊ नये म्हणून बुटका कठडा, आणि भिंतीला सिमेंट घोटून आणलेला गुळगुळीतपणा. पाटावर बसून तांब्याने पाणी घेतलं तर शिंतोडे उडून उडून किती उडणार? मोजायचंच असेल तर नरकचतुर्दशीच्या सकाळी सगळ्यांचं उरकल्यावर भिंतीकडे बघावं. उटण्याचे ठिपके बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, तीन-साडेतीन फुटांवर थांबलेले असतात. पुढे भिंतीवर पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या, त्यांनीही हाच हिशेब धरला. टाइल महाग, तेव्हा पाणी लागेल तेवढ्याच जागेत लावा आणि वर चुना मारा.

(सरकारी कचेऱ्या नि एसटी स्टँडवर भिंतीच्या खालच्या भागाला गडद ऑइल पेंटचा पट्टा असतो, त्यामागचं शास्त्र निराळं. तिथे पाणी नाही, माणसं भिंतीला लागतात. पट्टा पाठ टेकणाऱ्यांच्या उंचीचा आणि रंग पान खाणाऱ्यांच्या सोयीचा.)

मग माणसं उभं राहून अंघोळ करू लागली. शॉवरचं तोंड साडेसहा-सात फुटांवर आलं, पाणी डोक्यावरून भिंतीवर जाऊ लागलं, आणि टाइल्सच्या वरच्या चुन्याचे पोपडे धरायला लागले. टाइल्सना वर चढणं भाग होतं. त्या चढल्या त्या दाराच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सात फूट. माझ्या मते बाथरूमला याहून शहाणी उंची आजवर कोणाला सुचलेली नाही. पाणी जातं तिथवर टाइल जाते आणि चौकटीची आडवी रेघ तशीच पुढे चारी भिंतींवर फिरते. नजर कुठे अडखळत नाही.

अर्थात सात फूट तोंडाने म्हणायला सोपं. दुकानात जिला आपण 'दोन बाय एक'ची टाइल म्हणतो ती असते ६०० बाय ३०० मिलिमीटरची, आणि ३०० मिलिमीटर म्हणजे पुरता एक फूट नव्हे. आडव्या सात रांगा लावल्या, मधे दोन-दोन मिलिमीटरचे सांधे सोडले, तरी चौकटीचा माथा गाठायला सहा-सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी पडतातच. वर तेवढीच चिंधी लावली तर दारातून शिरताक्षणी तीच दिसणार. मग ती तूट खाली ढकलायची. खाली तर जमीनही सपाट नसते, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार दिलेला असतो. म्हणून चांगला कारागीर पहिली रांग आधी लावतच नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून तो चारी भिंतींवर एकसारखी लेव्हल मारतो, त्या खुणेवर पट्टी ठोकतो, दुसऱ्या रांगेपासून वर चढत जातो आणि सगळ्यात शेवटी खालची रांग उताराप्रमाणे एकेक टाइल मापून कापून बसवतो. आमच्याकडचा मिस्त्री नळीचं एक टोक पोऱ्याच्या हातात देऊन, "हलू नको, पाणी झोपू दे," असं दर दोन मिनिटांनी ओरडत होता. आता लेझरवाले आलेत. लाल रेघ एका क्षणात चारी भिंतींवर उमटते, ओरडायला काही निमित्तच उरलं नाही.

आणि आता स्लॅबपर्यंतची हौस. पाच बाय सातच्या बाथरूमचा घेर चोवीस फूट. सात फुटांवरून साडेनऊला जायचं तर ६० चौरस फूट टाइल जास्त लागते. वर चिकटवायचा माल, मजुरी आणि कापाकापीत फुटणाऱ्या टाइल्स वेगळ्या. एवढं करून ती टाइल भिजते कधी? न्हाणीघराला खिडकी नाही, एग्झॉस्ट पंखा नाही, वर घरातली कॉलेजातली मुलं अर्धा-अर्धा तास कढत पाण्याखाली उभी, असं असेल तर वाफेसाठी वरपर्यंत टाइल न्यावी, पैसे फुकट जात नाहीत. पण जिथे हवा खेळते तिथे वरचा पट्टा उघडाच बरा. टाइल पाणी अडवते, सांधे अडवतीलच असं नाही. वरच्या मजल्यावरून झिरपायला लागलं की रंगाच्या भिंतीवर चार दिवसांत पिवळा डाग उमटतो. टाइल आणि वर फॉल्स सीलिंग असेल तर डाग आत पसरत राहतो आणि आपण बाहेर आरशात केस विंचरत असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरच्यांशी भांडायला डागाचा फोटो लागतो, टाइलवर बोट ठेवून काही सिद्ध होत नाही.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण हॉटेलांमध्ये..." हॉटेलात आपण दोन रात्री राहतो आणि गळतीचं भांडण मॅनेजर बघतो, एवढंच मी बोलले. सात फूट ठरलं.

सासूबाईंनी मात्र कमरेचा हट्ट सोडला तो माझ्या युक्तिवादाने नव्हे. त्यांनी नव्या भिंतीवर हात फिरवला, आपल्या कपाळाच्या उंचीला थांबल्या आणि म्हणाल्या, "हां, हे बरंय. तिकडे वर चुना, टिकली राहायचीच नाही. काढून दारालाच लावायला लागायची." टाइल्सचा मसाला पुरता वाळायच्या आत शॉवरच्या बाजूला चौथ्या आणि पाचव्या रांगेत दोन मरून आणि एक हिरवी टिकली लागलेली होती. मिस्त्रीने सांधे भरताना ती जागा तेवढी सोडून पुसलं.