जलपर्णी टाकायची कुठे?

चहा आला म्हणून पोकलेनचं इंजिन बंद झालं, नाहीतर तो आवाज आम्हाला ऐकूच आला नसता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळचे पावणेआठ, मुंबईतल्या पवई तलावाचा काठ. ठेकेदाराकडच्या एका मावशींनी चहात पाव बुडवता बुडवता मान वळवली आणि म्हणाल्या, "ताई, बेडूक नाय हा."

पाच दिवसांपूर्वी काढून ठेवलेल्या जलपर्णीच्या ढिगाखालून, त्याच्या पाण्याकडच्या कडेतून आवाज येत होता. घशातल्या घशात, तुटक, 'उंक्, उंक्'. दोनतीन सेकंद थांबायचा, परत सुरू. बेडकांची ओरड पाऊस पडल्यावर सगळ्या काठभर पसरते. ही एकाच जागेवरून आणि जमिनीच्या आतून येत होती. अंड्यातून बाहेर यायच्या बेतात असलेली मगरीची पिल्लं अशी आवाज देतात. तो आईला दिलेला इशारा असतो: आता उकर.

आम्ही त्यांच्या डोक्यावर जलपर्णी रचून ठेवली होती.

पवई हा ब्रिटिश काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव. 1890 साली पूर्ण झाला, खर्च तेव्हाचे 12.59 लाख रुपये. क्षमता 545 कोटी लिटर, पाणलोट 6.61 चौरस किलोमीटर आणि काठोकाठ भरला की पाण्याचा विस्तार 2.23 चौरस किलोमीटर. पाणी पिण्यालायक राहिलं नाही, म्हणून आता ते मुख्यतः कारखान्यांना आणि आरे दुग्ध वसाहतीला जातं. सांडवा वाहू लागला की पाणी मिठी नदीला मिळतं. तलाव महापालिकेचा, प्राणी वनखात्याच्या अखत्यारीतले, आणि काठावर पक्षी मोजणारे, गळ टाकणारे, प्लास्टिक वेचणारे असे आमच्यासारखे लोक. जलपर्णी काढायच्या कामात हे सगळे एकत्र येतात. प्रत्येकाचं घोडं वेगळ्या दिशेला, पण मोसमात दोनतीन महिने एका गाडीला जुंपलेलं.

गाळ आणि सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस मिळाला की जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे मार्चमध्ये एका कोपऱ्यात दिसणारा हिरवा पट्टा मे अखेर कुठवर जाईल, हे बोटांवर मोजता येतं. दाट थराचं वजन एका चौरस मीटरला 25 ते 30 किलो धरायचं. दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा म्हणजे अडीच ते तीन टन. दहा टनांचा डंपर ओली जलपर्णी भरली तर जेमतेम 400 चौरस मीटर रिकामे करतो. आणि त्या दहा टनांतलं नऊ टनांहून जास्त निव्वळ पाणी असतं, कारण या वनस्पतीत 90 ते 95 टक्के पाणीच. ओली जलपर्णी लगेच डंपरमध्ये भरणं म्हणजे डिझेल जाळून तलावाचं पाणी डम्पिंगला नेणं, शिवाय रस्ताभर गळती आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या शिव्या.

म्हणून ती आधी काठावर रचायची. किमान 48 तास, जमल्यास चार-पाच दिवस. सगळ्या कामाचा कणा हा ढीगच आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष असतं.

पाण्यातलं काम तसं सरळ आहे. तराफ्यासारखा पसरलेला थर वाऱ्याने सरकतो. सकाळी समोर असलेली जलपर्णी दुपारी पश्चिमेच्या वाऱ्यावर पलीकडच्या काठाला लागलेली असते. त्यासाठी आधी नायलॉनच्या दोराला दर दोन मीटरवर रिकामे, बूच घट्ट लावलेले प्लास्टिकचे डबे बांधून तरंगती माळ करायची आणि थर तिच्यात कोंडायचा. मग होडीतून लांब दांड्याच्या विळ्यांनी थर कापायचा. गादी कापल्यासारखा, तीन मीटरचे चौकोन. मोठे तुकडे ओढताना मध्येच फाटतात आणि फाटलेले बारीक बारीक तुकडे निसटतात. तेच वाईट. एका रोपाला धावत्या फांदीने चार पिल्लं लटकलेली असतात आणि निसटलेलं प्रत्येक पिल्लू नवी वसाहत मांडतं. पोकलेनला जाळीची बकेट लावायची. साध्या बकेटमध्ये पाणी साचतं, अर्धी फेरी वाया जाते. बकेट वर आणून अर्धा मिनिट निथळू द्यायची. ऑपरेटर घाईत असला की हीच पायरी गाळतो.

पन्नास स्वयंसेवक आले म्हणजे काम पुढे गेलं, हा एक गोड गैरसमज आहे. वीस जणांची साखळी घमेल्यांनी तासाभरात जेवढी जलपर्णी उपसते, तेवढी पोकलेन दहा मिनिटांत उपसतो. फोटो मात्र साखळीचे छान येतात. माणसं लागतात ती मशीन पोचत नाही तिथे: दगडांच्या खाचांतून, झाडांच्या मुळांतून, सांडपाण्याच्या तोंडाशी, आणि माळेतून निसटलेली सुटी रोपं वेचायला. शिवाय ढिगातलं प्लास्टिक वेगळं करायला, कारण दुधाच्या पिशव्यांसकट कुजवलेलं खत कुणी फुकट नेत नाही. गमबूट आणि रबरी हातमोजे सक्तीचे. पायाला जखम असेल त्याला पाण्यात सोडायचं नाही, लेप्टोस्पायरोसिसचं निमित्त व्हायला तेवढं पुरतं.

आता ढिगाची जागा. आमच्या यादीत चार अटी होत्या. उतार पाण्याकडे हवा, म्हणजे निथळलेलं पाणी रस्त्यावर येणार नाही. ऊन सकाळपासून लागायला हवं. पाण्यापासून पाचदहा मीटर वर हवं, म्हणजे लाटेने ढीग परत आत जाणार नाही. आणि जमीन मऊ पण कोरडी, मुरमाड, म्हणजे पाणी जिरेल. मे महिन्यात आम्ही काठावर फिरून या अटींत बसणारी जागा निवडली, चुन्याने आखली आणि खूश झालो.

मादी मगर फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यांसाठी जागा शोधते, तेव्हा तिलाही हेच हवं असतं. पाण्याकडे उतार, दिवसभर ऊन, पुराच्या रेषेच्या वर, आणि पंजांनी उकरता येईल अशी कोरडी माती. ती हातभर खोल खड्डा करते, पंचवीसतीस अंडी घालते आणि माती लोटून पोटाने दाबून टाकते. अडीच-तीन आठवड्यांनी तिथे काही होतं हे ओळखूही येत नाही. सरपटल्याची खूण, शेपटीची रेघ, उकरलेल्या मातीचा वेगळा रंग, हे सगळं एप्रिलच्या वाऱ्याने पुसलं जातं. आमची पाहणी झाली मे महिन्यात. चुना आम्ही तिच्या घरट्याच्या कडेवरून मारला होता.

इंजिन परत सुरू करायचं नाही, हे मुकादमांना सांगायला वेळ लागला नाही. त्यांनीच ऑपरेटरच्या हातातून किल्ली काढून घेतली. सगळ्यांना ढिगापासून पंधरावीस मीटर मागे घेतलं आणि पाण्याकडे एक माणूस नुसता बघत उभा केला. पाच मिनिटांत त्याने हात वर केला. काठापासून वीसेक फुटांवर दोन डोळे आणि नाकपुड्या, बाकी सगळं पाण्याखाली. ती आवाज ऐकून आली होती आणि थांबली होती. घरट्यावर हे काय आलंय, हे तिला कळत नसणार.

1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन लावला. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडं उचलणं सोडाच, घरट्याला हात लावायचाही आम्हाला अधिकार नाही. हे कायद्यापुरतंच नाही. मगरीचं अंडं घातल्यानंतर दिवसाभरात गर्भ आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने चिकटतो. पुढे अंडं फिरवलं तर गर्भ मरू शकतो. चांगल्या मनाने अंडी टोपलीत भरून नेणारे हात बहुतेक वेळा मारणारे हात ठरतात.

वनखात्याची माणसं येईपर्यंत एक गोष्ट करता येण्यासारखी होती, तापमान. खताच्या ढिगात खुपसायचा लांब दांड्याचा थर्मामीटर आमच्याकडे असतो. कुजणारी जलपर्णी तापते. ढिगाच्या मध्यावर दोन फूट आत 53 अंश निघाले. पाण्याकडच्या कडेला, जिथून आवाज येत होता तिथे, 37. घरट्यात साधारण 30 ते 33 अंश असावं लागतं. त्यातल्या एकदोन अंशांवरच पिल्लं नर होणार की माद्या हे ठरतं, 32-33च्या आसपास नर जास्त. ढिगाचा मध्य घरट्यावर आला असता तर आवाज आलाच नसता.

वनखात्याच्या चमूने बघितलं, ऐकलं आणि निर्णय चटकन दिला. घरटं उकरायचं नाही. आपण फक्त आपला ढीग उचलायचा, तोही हाताने, आणि जमीन दिसायला लागली की थांबायचं. पोकलेनच्या वजनाने माती दबली तर आतली अंडी फुटतील, म्हणून मशीन तीस मीटरच्या आत येणार नाही. पाण्याच्या बाजूला वनखात्याचे दोघे काठ्या घेऊन उभे राहतील. पाण्याकडे पाठ करून कुणीही काम करणार नाही.

मग ती वीस जणांची साखळी खरोखर कामाला आली. ढीग वरून उतरवायचा, बाजूने ओढायचा नाही, कारण बाजूने ओढलं की खालची माती सोबत येते. दाताळी फक्त वरच्या दोन फुटांपर्यंत. त्याखाली हाताने, एकेक जुडी. पाच दिवसांत खालचा थर काळा, गुळगुळीत, चिकट झाला होता. मुळांच्या जाळ्यात चिखल अडकून एकेक जुडी आठदहा किलोची. दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी थांबायचं, गप्प बसायचं आणि ऐकायचं. पहिल्या दोन वेळा आवाज आला. तिसऱ्या वेळी आला नाही. त्या वेळी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चौथ्या वेळी परत आला, आधीपेक्षा मोठा, आणि एकाच वेळी तीनचार ठिकाणांहून.

सुमारे चार बाय तीन मीटरची जागा मोकळी करायला साडेतीन तास लागले. बारा वाजून गेले होते, दोघांना ऊन लागलं. मेच्या उन्हात स्वयंसेवकांचं काम दहाला बंद, हा आमचा नियम त्या दिवशी मोडला आणि त्याची किंमत त्या दोघांनी मोजली. लिंबूपाणी-मीठ आणि सावली एवढ्यावर निभावलं. पण हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण धावपळीच्या दिवशी पहिला बळी जातो तो असल्याच नियमांचा.

खाली निघालेली माती ओली होती. ढिगाचं पाणी तिच्यात झिरपलं होतं आणि त्यावर पाच दिवसांचा भार. उन्हात तासाभरात तिचं वरचं पापुद्र्यासारखं कवच बनलं असतं. वनरक्षकांनी बोटभर लाकडी काटकीने वरचा एक इंच तेवढा भुसभुशीत केला. तितकंच. नंतर सगळे पन्नास मीटर मागे, झाडीआड. डंपर उभे, पोकलेन उभा.

ती दुपारभर आली नाही. सहाच्या सुमारास उजेड तांबूस झाल्यावर पाण्यातून निघाली. पोट जमिनीपासून उचलून चार पावलं, थांबली. आणखी चार पावलं. घरट्याशी येऊन तिने मान मातीवर टेकवली आणि तशीच राहिली, दुर्बिणीतून ते झोपल्यासारखं दिसत होतं. मग पुढच्या पंजांनी माती मागे लोटायला लागली. अंधार पडेपर्यंत तिने दोनदा जबडा मिटून पाण्याकडे फेरी मारलेली दिसली. त्या जबड्यात काय होतं, ते पाण्यात शिरताना कडेने लोंबणाऱ्या एका शेपटीवरून कळलं. करंगळीएवढी जाड, पिवळसर, काळे पट्टे.

सकाळी वनखात्यासोबत जाऊन खड्डा पाहिला. कवचांचे पांढरे तुकडे, चामड्यासारखे सुरकुतलेले पापुद्रे, आणि ढिगाच्या मध्याकडच्या बाजूला सहा अख्खी अंडी. ती थंड होती. वनखात्याने ती ताब्यात घेतली. एक त्यांनी उजेडाला धरून दाखवलं, आत पिल्लाची पूर्ण वाढ झालेली होती. ढीग त्या बाजूला एक मीटर अलीकडे असता तर, हा हिशोब मी तिथेच सोडला.

आता पाहणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून होते, दर रविवारी, तलावावर रोज येणाऱ्या पाड्यावरच्या मासेमारांना सोबत घेऊन. सरपटीची खूण त्यांना शंभर फुटांवरून दिसते, आम्हाला पायाखाली आली तरी दिसत नाही. संशयित जागेभोवती दहा मीटरवर बांबू ठोकायचे, लाल फडकी बांधायची नाहीत, कारण ती बघायला गर्दी जमते. ढीग फक्त आधीच तुडवलेल्या, गाड्यांच्या वहिवाटीच्या जागेवर, ती सावलीत असली आणि निथळायला दोन दिवस जास्त लागले तरी. ढिगाखाली जुनं ताडपत्रीचं कापड अंथरायचं नाही, त्याने पाणी अडतं आणि खालचा थर सडतो. बांबूच्या आडव्या फळ्या टाकायच्या. ठेका वजनावर असेल तर ओली जलपर्णी भरण्याचा मोह होतो, क्षेत्रफळावर असेल तर मुळं मागे ठेवण्याचा. म्हणून मोजणीच्या वेळी आमच्यातला एक जण वजनकाट्यावर आणि एक पाण्यात.

काठाची माती ही रिकामी जागा नाही, एवढं तरी आता बैठकीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तणनाशकाच्या फवारणीचा प्रस्ताव मात्र दर वर्षी कुणीतरी आणतंच. फवारलेली जलपर्णी जागेवर मरते, बुडते, कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि आठवड्याने मासे उलटे तरंगतात. वर तिची बियाणी गाळात पंधरावीस वर्षं जिवंत राहतात, फवारणीने ती मरत नाहीत.

त्या रविवारी डंपरच्या नऊ खेपा ठरल्या होत्या. एकही झाली नाही. संध्याकाळी मुकादमांनी खेपांचं रजिस्टर काढलं, नऊ ओळींवर एक आडवी रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'मगर.' खाली सही करायला माझ्याकडे पेन दिलं, शाई लागेना, म्हणून मावशींच्या लेकीचं शाळेचं पेन घेतलं.