कॅबिनेटवरचे कुंकू

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी, गोव्यातल्या आमच्या फोंड्याची दुकाने शटर ओढून झोपी गेलेली असताना आणि आमच्या वाड्यावरची पोरे तेवढी दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवत जागी असताना, मी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून पडद्यावरची एक सूचना तिसऱ्यांदा वाचत होते. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही, असे तीत म्हटले होते. चौदा वर्षे एका घरात राबलेल्याला असे तोंडावर सांगू नये, असे मला वाटले.

कारण समजून घेतल्यावर राग थोडा कमी झाला, पण पुरता गेला नाही. नव्या प्रणालीला इंटेलचा प्रोसेसर हवा तो निदान आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा. आमचा २०११ सालचा, दुसऱ्या पिढीतला. शिवाय टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची सोय मदरबोर्डात असावी लागते, ती आमच्याकडे नव्हती. २०१६ साली असाच प्रसंग आला होता, तेव्हा विंडोज ७ वरून १० वर जाणे जुलैअखेरपर्यंत फुकट आहे एवढे कळताच बाबांनी शेवटच्या आठवड्यात ते उरकून घेतले होते आणि पुढे महिनाभर "जुने बरे होते" म्हणत राहिले होते.

चार वाजता शेजारचा मुलगा आला. तो अभियांत्रिकीला आहे आणि वाड्यावरच्या सगळ्या बिघडलेल्या वस्तूंचा वैद्य आहे. त्याच्या बोटांना नरकासुराची खळ लागलेली होती, म्हणून त्याला आधी नळावर पाठवले. "काकी, नियम चुकवून अकरा घालता येते," तो म्हणाला, "पण पुढचे अपडेट मिळतीलच ह्याची खात्री नाही. त्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली घालूया. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवतो, रॅमची आणखी एक पट्टी टाकतो. तीन हजारांच्या आत काम होईल."

त्याने कॅबिनेटची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीची, बाजू काढली. आत पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखी धूळ साचली होती आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागे, जिथे पावसाळ्यातही ऊब असते, तिथे पालीच्या दोन अंड्यांची रिकामी कवचे होती. गोव्याच्या दमटपणात चौदा पावसाळे काढलेले यंत्र आतून असेच दिसणार. रॅमची पट्टी उपसून त्याने माझ्याकडे खोडरबर मागितला आणि तिच्या सोनेरी दातांवरून तो हलक्या हाताने फिरवू लागला. शाळेत चुकलेली गणिते खोडायचो तसाच.

मग एक ओले फडके घेऊन तो कॅबिनेटच्या दर्शनी भागाकडे वळला आणि मी जवळजवळ ओरडलेच. तिथे पॉवरच्या बटनाच्या वर कुंकवाचा ठिपका आहे. दर खंडेनवमीला बाबा कोयती, आडोळी (म्हणजे विळी), स्कूटर आणि कॉम्प्युटर यांना एकाच ताटातले हळदकुंकू लावत, झेंडूचे फूल ठेवत आणि त्या दिवशी कशालाही हात लावू देत नसत. वर्षानुवर्षे ठिपक्यावर ठिपका बसून आता त्याला चक्क जाडी आली आहे.

यंत्राला देव मानण्याची ही सवय मला शाळेपासूनची आहे. आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, शाळेतली एकमेव थंड खोली, आणि तिच्या दाराबाहेर देवळाच्या पायरीवर असतात तशा चपलांच्या रांगा लागत. आत चार यंत्रे, प्रत्येकावर झालर लावलेले कापडी आच्छादन. ते काढून घडी घालण्याचा मान हजेरीच्या क्रमाने मिळे. व्हायरस पायांच्या धुळीतून येतो असा आमच्यातल्या निम्म्यांचा समज होता आणि बाईंनीही तो कधी खोडला नाही. लादी स्वच्छ राहत होती, एवढे त्यांना पुरे होते. एका यंत्रापुढे आम्ही चौघी बसायचो, त्यातली एकच कळ दाबायची आणि उरलेल्या तिघी तिला कळ चुकली म्हणून रागवायच्या. माझ्या वाट्याला आठवड्यातून सात-आठ मिनिटे येत. त्या मिनिटांसाठी मी आदल्या दिवशी नखे कापत असे.

तर, ठिपका राहिला. मुलाने बाकीचे उरकले: प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी, पण वाळून भुकटी झालेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदलली. ही बॅटरी मेल्यावर कॉम्प्युटर रोज सकाळी २०११ सालात जागा होई आणि तारीख चुकली की बँकेचे संकेतस्थळ उघडायला नकार देई. बाबा कालनिर्णय पाहून रोज तारीख भरत, पण पन्नास रुपयांच्या आतली ती बॅटरी आणत नसत. ते गेल्यावर सहा वर्षे मीही तेच केले. का, ते विचारू नका.

नवी प्रणाली अर्ध्या तासात बसली, देवनागरी टंकायचा इन्स्क्रिप्ट कळफलकही तिथे निघाला आणि माझ्या बोटांना 'क' जागच्या जागी सापडला. खरे दुखणे पुढे होते. जुन्या डिस्कवर बाबांनी गावच्या जत्रेसाठी लिहिलेले तीन अंकी ऐतिहासिक नाटक होते, तेही युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, आधीच्या धाटणीच्या फाँटात. त्या फाँटात देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत भाड्याने राहत. युनिकोडने 'क'ला स्वतःचा २३२५ हा क्रमांक दिला. जुन्या फाँटात त्याला स्वतःचे घरच नव्हते. त्यामुळे फाँट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि टक्क्यांची चिन्हे दिसतात. मुलाने तो फाँट नव्या प्रणालीत टाकला तेव्हा पहिला अंक शहाण्यासारखा उघडला. पण नाटक मंडळातल्या पोरांना संहिता मोबाइलवर हवी होती आणि मोबाइलवर तो फाँट कुठून असणार? म्हणून ती युनिकोडमध्ये पालटून घेतली.

पालटताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांनी घात केला. जुन्या फाँटात वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकायची आणि रफार नंतर, कारण कागदावर ती तशीच दिसतात. युनिकोडला ती उच्चाराच्या क्रमाने लागतात. पालटणाऱ्या प्रोग्रॅमला हे सगळीकडे साधले नाही. परिणामी आमचा किल्लेदार मरणाच्या दारात छाती पुढे काढून "हाच माझा धमर्!" असे गरजतो आणि त्याची बायको देवीकडे 'शिक्त' मागते. मुलगा जमिनीवर बसून हसला. मीही हसले, कारण बाबा असते तर त्यांनी हे दोन्ही शब्द रंगमंचावर तसेच म्हणायला लावले असते आणि प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या असत्या.

शोधून बदलण्याच्या सोयीने 'धमर्' एकदम सुधारता आला, पण सगळेच शब्द तसे सुटत नाहीत. काही चुका चुकून बरोबर शब्दांसारख्या दिसतात आणि तिथे ओळ वाचावीच लागते. वाचायला घेतले की मी दुरुस्ती विसरते आणि पुढचा प्रवेश वाचत सुटते, मग पुन्हा मागे यावे लागते. एकूण एकेचाळीस पाने आहेत. कॉम्प्युटर आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो आणि जराही आवाज करत नाही, त्यामुळे वेग कमी पडतो अशी सबबही मला उरलेली नाही. नरकासुर जळून गेला, दिवाळीचे फोव (पोहे) संपले, मंडळाचा दोनदा निरोप येऊन गेला, आणि मी अजून दुसऱ्या अंकात आहे.