खड्डा एक, अर्ज चोवीस : पाणी जिरवण्याच्या करसवलतीचा माझा अनुभव

“मॅडम, अर्ज मिळकतीचा असतो, सोसायटीचा नसतो.” महापालिकेच्या आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीवर हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

आमची चोवीस फ्लॅटची जुनी इमारत. मार्च लागला की टँकर सुरू, मे महिन्यात बोअरची मोटर नुसतीच घरघरायची. सभेत ठराव झाला आणि गच्चीचे सगळे पाईप एकत्र आणून पावसाचं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, सोडलं. प्लंबर कामाचा मिळाला, दहा दिवसांत सगळं उरकलं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला झडप मात्र बसवून घ्याच, नाहीतर गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण खड्ड्यात उतरते आणि वाळूचा थर गच्च बसतो.

पाणी जिरवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत असते. पुण्यात पावसाचं पाणी, गांडूळखत, सौरऊर्जा यांपैकी एक केलं तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त केली तर १० टक्के. आमच्याकडेही ५ टक्के. ही सूट अख्ख्या बिलावर नसते, बिलातल्या फक्त सर्वसाधारण कर या एका भागावर असते, हे शेजाऱ्यांना आधीच सांगा. आमच्याकडे फ्लॅटमागे वर्षाला अडीचशे रुपयेसुद्धा होत नाहीत. तरीही मला ती हवी होती. आपण केलेल्या कामाची शहराने कागदावर नोंद घ्यावी, एवढीच इच्छा होती.

आणि तिथेच गाडी अडली. आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटचं बिल वेगळं, मिळकत क्रमांक वेगळा. म्हणून खड्डा एक असला तरी अर्ज चोवीस. प्रत्येकाला भरलेल्या बिलाची प्रत, इंडेक्स टूची (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) प्रत आणि मालकाची सही. एक मालक दुबईला. एक फ्लॅट वारलेल्या आजोबांच्या नावावर, वारस तीन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे. त्या सह्यांसाठी मी तीन रविवार तीन घरी चहा प्यायले. सगळा गठ्ठा घेऊन गेले तर दोन फ्लॅटची थकबाकी निघाली. थकबाकीदाराला सवलत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या दोघांपायी बाकीचे बावीस अर्जही परत आले.

दुसऱ्यांदा त्या बावीस अर्जांचा गठ्ठा कार्यालयाने घेतला. महिन्याभराने पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंता आले, खड्डा बघितला, फोटो काढले, समाधानाने गेले. मी पेढे आणायच्या बेतात होते. पुढच्या आठवड्यात कळलं, त्यांचा अहवाल एकाच मिळकत क्रमांकावर चढलाय. उरलेल्या सगळ्या अर्जांवर शेरा : ‘स्थळपाहणी प्रलंबित’. त्याच खड्ड्याची पाहणी पुन्हा एकवीस वेळा! कर विभाग म्हणे अहवाल आणा, पाणीपुरवठा म्हणे कर विभागाचं पत्र आणा. दोन मजल्यांच्या मधला तो जिना मला पाठ झाला. यात ३१ मार्च उलटला. एप्रिलच्या बिलात सूट यायची तर नोंद त्याआधी व्हावी लागते, ती हुकली आणि वर्ष गेलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी दिवाळीनंतर लगेच अर्ज दिला असता. तुम्ही द्या.

सुटका केली ती नव्या अधीक्षक बाईंनी. त्यांनी फाईल उभ्याउभ्याच वाचली. म्हणाल्या, “एक विनंतीपत्र द्या, सभेचा ठराव जोडा, सगळ्या मिळकत क्रमांकांची यादी जोडा. पाहणी अहवाल एकच पुरे.” दहा मिनिटांचं काम. त्या वेळी आनंदापेक्षा संताप जास्त झाला, कारण हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं.

मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना २००२पासून पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची झाली. नव्या इमारतींना सक्ती चालते. आमच्यासारख्या जुन्या इमारती मात्र मनाने पुढे येतात, आणि ते मन खिडकीवर मोडतं. समोरच्या गाड्या धुण्याच्या सेंटरचे मालक माझी फाईल बघून म्हणाले होते, “ताई, एवढे हेलपाटे असतील तर मला नको.” रोज शेकडो लिटर पाणी वापरणारा माणूस असा मागे फिरला, याचं मला सवलतीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

आमची गच्ची साडेतीनशे चौरस मीटरची. एक मिलिमीटर पाऊस पडला की एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे तीस मिलिमीटरच्या एका सरीत दहा हजार लिटर, एक टँकर! जुलैत रात्री तीन वाजता पाईपला कान लावला तर आत धो धो आवाज येत होता. या मे महिन्यात बोअर आटली नाही.

सवलत लागलेलं बिल आलं, तेव्हा मी ते सेंटरवाल्यांना नेऊन दाखवलं. परवा ते विनंतीपत्राची प्रत मागायला आले. दिली, आणि बजावून सांगितलं : प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. माझा पहिला गठ्ठा ‘आलाच नव्हता’ असंही एकदा ऐकवलं गेलं होतं, तेव्हा तो शिक्काच कामी आला.