प्लास्टिकची नळी अन् हडंब्याचा दांडा

इथं इंग्लंडात ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यावरच्या (इंजिनाची ताकद मागच्या मशीनला देणारा फिरता दांडा) प्लास्टिकच्या संरक्षक नळीला, म्हणजे गार्डला, तडा गेला की काम थांबतं. नवी नळी येईपर्यंत मशीन उभी. कापणीचं लख्ख ऊन वाया गेलं तरी उभीच. पाहणाऱ्याला आधी हसू येतं, मग चीडही येते. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची गंजी शेतात, आभाळ भरून आलेलं, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, एका रात्रीपुरता मिळालेला. नळीसाठी थांबतो कोण, राजेहो?

पण जरा हिशेब करा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दांडा साडेसात सेंटीमीटर जाडीचा धरला तर एका फेऱ्यात वीतभर कापड गुंडाळलं जातं, सेकंदात दोन मीटरच्या वर. डोक्याचा शेला सुटला अन् त्याचं टोक क्रॉसच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या सांध्याच्या, बोल्टात अडकलं, तर "बंद कर" म्हणायला तोंड उघडेपर्यंत फास बसलेला असतो. पदराचं, सुटलेल्या बाहीचंही तेच.

ते गार्ड म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, दोन्ही टोकांना क्रॉस झाकणारे कोन, आत प्लास्टिकच्या बेअरिंग रिंगा, अन् दोन्हीकडे एकेक बारीक साखळी. सगळी गंमत साखळीत आहे. ती ट्रॅक्टरच्या आणि मशीनच्या न हलणाऱ्या भागाला अडकवली तरच आत दांडा फिरताना नळी जागेवर थांबते. साखळी तुटली की नळीही दांड्याबरोबर फिरू लागते, मग ती असून नसल्यासारखी. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद, किल्ली खिशात, नळी हातानं फिरवून पाहायची. सहज फिरली पाहिजे. अडली तर रिंग झिजली किंवा कोरडी पडली. साखळीला दांडा लटकवून ठेवायचा नाही, ती त्या वजनासाठी नसते. आपल्याकडे क्रॉसला ग्रीस मारताना कोन आडवा येतो म्हणून गार्ड एकदा निघतं, अन् मग गोठ्याच्या छपरावर जाऊन पडतं.

हडंब्याच्या तोंडाची गोष्ट अजून वाईट. भारतीय मानकाप्रमाणे माल घालायची नाळ किमान ९०० मिलिमीटर लांब हवी आणि त्यातली ४५० मिलिमीटर वरून झाकलेली, म्हणजे माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचूच नये. पण मालकाला पैसे पोत्यामागं मिळतात. झाकण कापून तोंड मोठं केलं की रात्रीत पोती जास्त निघतात. मग ओलसर सोयाबीन अडकतं, मजूर हातानं रेटतो. रात्रीचे दोन, एक बल्ब, धुरळा.

इथं इंग्लंडात असा हात गेला तर पहिला प्रश्न मालकाला. १९९८ च्या यंत्रवापर नियमांनुसार फिरता भाग झाकायची जबाबदारी त्याची. मजूर ठेवला तर १९६९ च्या कायद्यानं किमान ५० लाख पौंडांचा विमा सक्तीचा; नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. हात तुटला तर सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. मजुराला दाव्यासाठी साधारण तीन वर्षं मिळतात, आणि त्याचीही चूक असली तर भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते, बुडत नाही. तेरा वर्षांखालच्या पोराला ट्रॅक्टरवर बसवणंही गुन्हा. (आपल्याकडची निम्मी पोरं मडगार्डवर बसूनच मोठी झाली.)

तरी फार भारावून जायचं कारण नाही. कामावरच्या मृत्यूंच्या प्रमाणात इथंही शेतीचं क्षेत्र वर्षानुवर्षं सगळ्यात वर आहे. आणि फक्त जवळचे नातेवाईक राबत असतील तर तो विमाही बहुधा सक्तीचा नसतो. कागद चोख असले म्हणून हात वाचतातच असं नाही.

आणि कायदा आपल्याकडेही जुनाच आहे. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, त्यात ट्रॅक्टरनं किंवा यंत्रानं होणारी शेती येत होती. मळणीयंत्रासाठी तर १९८३ चा धोकादायक यंत्र कायदा खास आहे. रोजंदारीचा माणूस म्हणून भरपाई नाही, हे गावात सांगतात ते खोटं; ती अट २००० सालीच गेली. जुन्या कायद्याच्या कोष्टकात एका हाताचा पंजा गेला म्हणजे कमाईची ६० टक्के क्षमता गेली. वय ३०, महिना मजुरी ९,००० धरा: ९,००० चे ६० टक्के ५,४००, गुणिले त्या वयाचा कोष्टकातला आकडा २०७.९८, आणि हाताचे म्हणून त्याचे पुन्हा ६० टक्के. रक्कम येते ६,७३,८५५ रुपये.

गावात मात्र दवाखान्याचं बिल आणि वर वीस-तीस हजार यावर मिटवामिटव होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एका हाताला एक लाख मिळतात, पण ते सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेकदा भूमिहीन.

कायद्यात मालकाची सुटका करणारी एक फट आहे: संरक्षक गार्ड मजुरानंच मुद्दाम काढलं असेल तर. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर तीही चालत नाही, पण एका हाताच्या दाव्यात चालते. म्हणून मळणी सुरू व्हायच्या आधी, दिवसाउजेडी, दांड्याचा आणि नाळेचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, म्हणजे गार्ड आधीपासूनच नव्हतं हे दाखवता येईल. ट्रॅक्टरची नंबरप्लेट त्याच फोटोत आली पाहिजे.